चित्रपुस्तक: जुई, मनू आणि जादूचा भोवरा (वय ४ ते ६). आराखडा, चित्रं आणि छपाई

रानजाई

४ ते ६ वर्षांच्या मुलांसाठी एक चित्रपुस्तक करायचं चाललं आहे. आत ३२ पानं, वेगळं कव्हर, मधे पिन. आकार सव्वासात बाय साडेनऊ इंच, १००० प्रती.

गोष्ट थोडक्यात अशी. जुईकडे जादूचा भोवरा आहे. शेजारी मनू राहायला येतो. भोवरा फिरला की मागाल ते मिळतं: आंबे, पाऊस, हत्ती. मग भोवरा कोणाकडे राहणार यावरून दोघं भांडतात. रात्री भोवरा आपोआप फिरतो, दोघांना स्वप्नात एकत्र आणतो, सकाळी गट्टी.

गोष्टीवर, चित्रांवर आणि छपाईवर, तिन्हीवर मतं हवी आहेत. सुट्या सूचनाही चालतील. शेवटी सगळं एकाच वहीत उतरवायचं आहे.

बालवाडी_ताई

आधी गोष्टीचं. यात भांडण मुलं करतात आणि मिटवतो मात्र भोवरा. म्हणजे मैत्रीच्या पुस्तकातलं मैत्रीचं सगळं काम खेळण्याकडे गेलं. चार वर्षांच्या मुलाला हे शब्दांत सांगता येत नाही, पण गोष्ट संपल्यावर "मग?" असं विचारतं ते याच कारणाने. जुई आणि मनूने शेवटी काहीच केलेलं नसतं.

दुसरं, "मागाल ते मिळतं" हा जादूचा नियमच नव्हे. मर्यादा नसली की गोष्टीत ताण येत नाही. या वयाला एकच नियम पुरतो, पण तो दिसणारा आणि न मोडणारा हवा. जादू कधी चालते, कधी थांबते आणि ती चालवायला काय लागतं, या तिन्हीचं उत्तर चित्रात सापडलं पाहिजे.

आणि नियम असा हवा की एकट्याला जमणारच नाही. भोवरा त्याला फार सोयीचा आहे. तो मोठा करा, नारळाएवढा. धरायला जुईचे दोन्ही हात लागतील, मग जाळी (भोवऱ्याची दोरी) गुंडाळायला तिसरा हात आणायचा कुठून? तो मनूचा. एकाने धरायचं, दुसऱ्याने गुंडाळायचं, मग एकाने सोडायचं त्याच क्षणी दुसऱ्याने ओढायचं. क्षण चुकला की भोवरा आडवा पडून घरंगळतो. रुसवा असेल तर हा क्षण जुळत नाही. शिक्षा करायला जादू मधे आणावी लागत नाही.

चित्रवही

+१. चित्रकाराच्या बाजूने पाहिलं तरी हाच नियम चांगला. हात, जाळी आणि भोवरा प्रत्येक पानावर दाखवता येतात.

आता भोवरा "फिरतोय" हे स्थिर चित्रात दाखवायचं कसं? बाजारात मिळणाऱ्या कातीव भोवऱ्यावर लाखेचे गोल पट्टे असतात. लाकूड फिरत असताना रंग लावतात, त्यामुळे पट्टे गोलच येतात. पण गोल पट्टे फिरताना आणि थांबल्यावर अगदी सारखेच दिसतात! चित्रात ते काढले की भोवरा उभा आहे की फिरतोय हे कळत नाही, आणि मग चित्रकार चारी बाजूंनी वाऱ्याच्या रेघा मारत बसतो. त्याऐवजी भोवरा उभा दोन भागांत रंगवा, अर्धा लाल आणि अर्धा पिवळा. थांबलेला असताना दोन रंग दिसतात, जोरात फिरला की केशरी दिसतो. डोळा दोन्ही रंगांची सरासरी करतो, म्हणून हे खरंच घडतं. मुलांना घरी पुठ्ठ्यावर करूनही बघता येईल.

इथे नेहमी होणारी चूक म्हणजे निळा आणि पिवळा घेऊन हिरवा दाखवणं. रंगपेटीत निळ्यात पिवळा कालवला की हिरवा होतो, फिरणाऱ्या चकतीवर मात्र करडट मळका रंग दिसतो. मूल करून बघेल आणि पुस्तक खोटं ठरेल. लाल-पिवळ्याचा केशरी दोन्हीकडे जुळतो.

मग जादूचा नियमही रंगातच सांगता येतो: भोवरा केशरी असेपर्यंत जादू, दोन रंग सुटे दिसू लागले की संपली. वाचता न येणाऱ्या मुलालाही हे कळेल.

जाळीबद्दल एक. ती आरीपासून (भोवऱ्याच्या खालच्या लोखंडी टोकापासून) सुरू होऊन वर चढत जाते आणि दुसऱ्या टोकाचा फास बोटात असतो. चित्रात बहुतेक वेळा ती भोवऱ्याच्या डोक्याभोवती गुंडाळलेली दिसते. तसा भोवरा फिरत नाही, आणि आजोबा-आजींच्या नजरेतून ते सुटत नाही.

रानजाई

दोन्ही सूचना घेतल्या. आंबे आणि हत्ती काढले. नवी जादू अशी: भोवरा केशरी असेपर्यंत अंगणातल्या सावल्या जमिनीवरून उठून खेळायला येतात. भोवरा पडला की परत जमिनीवर लोळतात. वेळ संध्याकाळची, कारण तेव्हा सावल्या लांब असतात.

भांडण: भोवरा रात्री कोणाकडे? ओढाओढीत जाळी तुटते. प्रश्न आता शेवटाचा आहे. तुटलेल्या जाळीला गाठ मारून भागवावं का?

बालवाडी_ताई

गाठ नको. जाळी सरसर सुटायला हवी, गाठ अडकते आणि भोवरा उलटतो. भोवरा खेळणारं मूल लगेच बोट ठेवेल.

नवी जाळी वळू द्या. दोर वळायला दोन माणसं असली की सोपं जातं, म्हणजे तुमचा नियम आणखी एकदा, जादूशिवाय चालेल. सुती जाड दोरा साधारण ३ मीटर. एक टोक जुईकडे, दुसरं मनूकडे. दोघं समोरासमोर उभी राहून आपापलं टोक उजव्या हाताकडे पीळ देत फिरवतात. समोरासमोर असल्यामुळे पीळ एकावर एक चढतो. दोरा ताणलेला ठेवायचा, सैल सोडला की मधेच गुंतून गुठळ्या होतात. पीळ पुरेसा चढला की मध्यावर दुमडायचा. दोन्ही पदर आपोआप एकमेकांभोवती उलटे वळतात आणि दीड मीटरपेक्षा थोडी कमी लांबीची जाळी तयार होते. उघड्या टोकाला गाठ, दुमडलेल्या टोकाला आपसूक फास. बोट घालायला तोच.

यात गोष्टीच्या कामाची जागा म्हणजे दुमडायचा क्षण. मध्य धरायचा तर एकाने आपलं टोक दुसऱ्याच्या हातात द्यावं लागतं. कोण आधी देतं? तुमच्या गोष्टीचा खरा शेवट तिथे आहे. "माफ कर" हे शब्द लिहायची गरज पडणार नाही.

शब्दवेल

हे वाचून शब्दांकडे येते. एकूण ३०० ते ३५० शब्दांच्या वर जाऊ नका. स्टोरीवीव्हरवर (मुलांच्या मोफत पुस्तकांची वेबसाइट) पहिल्या पातळीची पुस्तकं २५० शब्दांपर्यंत असतात, दुसरी पातळी ६०० पर्यंत. तुमचं पुस्तक या दोहोंच्या मधे बसतं, कारण ते मोठ्यांनी वाचून दाखवायचं आणि मुलाने चित्र बघायचं.

चित्रात दिसतं ते वाक्यात पुन्हा नको. "मनूने लाल सदरा घातला होता" हे वाक्य वाया जातं. शब्दांनी चित्रात न मावणारं सांगावं: आवाज, वेळ, मनातलं. भोवऱ्याचा आवाज सतत एकच ठेवा, "गूंऽऽऽ". तो प्रत्येक वेळी थोडा लांबवा, मुलं तिसऱ्या वेळेपासून स्वतःच म्हणू लागतात. ओढाओढीच्या पानावर तो आवाज नसणं हेच मग जाणवेल.

पान उलटणं हे विरामचिन्ह समजून वापरा. उदाहरणार्थ:

पान ४-५: "जुईकडे एक भोवरा होता. एवढा मोठा, की धरायला दोन हात लागत. आणि जाळी गुंडाळायला?"
(पान उलटा)
पान ६-७: "तिसरा हात!"

प्रश्न उजव्या पानाच्या खालच्या कोपऱ्याजवळ, उत्तर उलटल्यावर. समोरासमोरच्या पानांवर प्रश्न आणि उत्तर दोन्ही ठेवलं तर मूल आधीच बघून मोकळं होतं.

जोडाक्षरांची भीती बाळगून भाषा कृत्रिम करू नका. "सावल्या", "म्हणाली", "त्यांनी" हे रोज कानावर पडतात, ते राहू द्या. टाळायचे ते "आश्चर्य", "क्षणार्धात", "सद्गदित" असे. "मैत्री" हा शब्दही मजकुरात कुठे नसेल तर बरं. आणि सगळा मजकूर एकाच काळात ठेवा. मसुद्यात चालू काळ आणि भूतकाळ आलटून पालटून येतात आणि वाचून दाखवणारा दर पानावर अडखळतो.

छापखाना

आकार ऐकून बरं वाटलं. सव्वासात बाय साडेनऊ म्हणजे २० बाय ३० इंचाच्या कागदावर एका बाजूला ८ पानं, दोन्ही बाजूंना मिळून १६ चा फॉर्म. ३२ पानं म्हणजे दर प्रतीला बरोबर दोन कागद. हजार प्रतींना २००० कागद, म्हणजे चार रीम, आणि सेटिंगमधे, म्हणजे मशीन जुळवताना, वाया जाणारे वेगळे. दर फॉर्मला शंभर-दीडशे जास्तीचे धरा. १३० जीएसएममधे (कागदाचं दर चौरस मीटरचं वजन, ग्रॅममधे) या मापाची एक रीम सुमारे २५ किलो २०० ग्रॅम भरते, त्यावरून कागदाचा खर्च स्वतः काढून बघता येतो. प्लेटा (दर बाजूला दर शाईची एक) आतल्या १६, कव्हरच्या वेगळ्या. आकार अर्ध्या इंचाने जरी वाढवलात तरी हा हिशेब मोडतो आणि कागद कटिंगमधे जातो.

३६ किंवा ४० पानं करायचा मोह होईल. पिनेसाठी चारच्या पटीतली पानं चालतात, पण १६ च्या फॉर्मवर वरची चार किंवा आठ पानं वेगळी छापावी लागतात आणि त्यांचा सेटिंगचा खर्च पूर्ण फॉर्मच्या जवळ जातो.

आता चित्रकाराने ऐकावं असं. पिनेच्या पुस्तकात दोन्ही फॉर्म एकात एक बसतात. बाहेरच्यात १ ते ८ आणि २५ ते ३२, आतल्यात ९ ते २४. त्यामुळे समोरासमोर येणारी ८-९ आणि २४-२५ ही पानं वेगवेगळ्या कागदांवर, वेगवेगळ्या वेळी छापली जातात. शाईत किंचित फरक पडतोच. त्या दोन जोड्यांवर सलग संध्याकाळचं आकाश पसरवू नका, मधोमध रंग तुटलेला दिसेल. पांढरी जागा किंवा दोन सुटी चित्रं ठेवा. याउलट १६-१७ हा मधला जोड एकाच अखंड कागदावर असतो. सर्वांत मोठं चित्र, सगळ्या सावल्या उठून नाचतात ते, तिथेच घ्या. फक्त दोन पिना कुठे येतील ते विचारून घ्या, पिन कोणाच्या डोळ्यात येता कामा नये. बाकी जोडांत दोन्ही बाजू एखाद-दोन मिलिमीटर वरखाली होऊ शकतात, म्हणून चेहरा, हात किंवा जाळीची तिरपी रेघ मधल्या घडीवरून नेऊ नका.

आतली पानं घडीत पुढे सरकतात आणि कटिंगमधे जास्त कापली जातात. एवढ्या पानांना साधारण एक मिलिमीटर. मजकूर कडेपासून १२ मिलिमीटर आत ठेवला की प्रश्न येत नाही. चित्र मात्र चारी बाजूंनी ३ मिलिमीटर बाहेर जाऊ द्या. पूर्ण जोडाची फाइल ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) त्या ३ मिलिमीटरसकट ४४२१ बाय २९२१ पिक्सेल होते. छोट्या फाइलवर काढून नंतर ताणू नका.

चित्रवही

यावर एक जोडते. पडद्यावर चमकणारा केशरी आणि छापलेला केशरी वेगळे असतात. जादू म्हणजे चमक, म्हणून सगळे निऑनकडे वळतात आणि छापून आल्यावर रंग मेलेला दिसतो. पहिल्यापासून सीएमवायकेमधे, म्हणजे छपाईच्या निळी, मजेंटा (गुलाबी), पिवळी आणि काळी या चार शायांच्या रंगांत, बघत काम करा. आपल्या भोवऱ्याचं नशीब चांगलं आहे: पिवळा म्हणजे नुसती पिवळी शाई १००, लाल म्हणजे मजेंटा १०० आणि पिवळी १००, केशरी म्हणजे मजेंटा ५० आणि पिवळी १००. तिन्हीत निळी किंवा काळी शाई शून्य, म्हणून रंग स्वच्छ येतात. चमक दाखवायला केशरी उजळ करत बसू नका, आजूबाजूचं अंगण गडद निळसर करा. आणि बाकी पुस्तकात केशरी कुठेही वापरू नका, ना फुलात ना फ्रॉकमधे. मग तो रंग दिसला की मूल आधीच ओळखेल.

कागद मॅट आर्ट (लेप दिलेला, पण न चमकणारा) घ्या. मॅपलिथो (बिनलेपाचा साधा कागद) शाई पितो, हा केशरी विटकरी होईल.

मुलं ओळखीची राहावीत म्हणून सुरुवातीलाच दोघांचा एक तक्ता करा: समोरून, बाजूने, पाठमोरी, बसलेली, रडताना. उंचीचं प्रमाण भोवऱ्याशी मोजून ठरवा. नाहीतर पान ६ वर नारळाएवढा असलेला भोवरा पान २० वर कलिंगडाएवढा होतो. गोष्ट डावीकडून उजवीकडे पुढे जाते, म्हणून खेळायला धावताना दोघं उजवीकडे तोंड करून. रुसून घरी जाताना मनू डावीकडे. एवढ्याने "परत फिरला" हे कळतं.

अक्षरजुळणी

मजकूर फक्त काळ्या शाईत लावा. चार रंगांचा काळा केला तर प्लेट केसभर सरकली तरी वेलांट्या आणि मात्रांभोवती रंगीत कडा दिसतात. गडद चित्रावर पांढरी अक्षरं टाळा, आणि घ्यायचीच तर जाड वजनाची, कारण अनुस्वार आणि रफार शाईने भरून जातात. रात्रीच्या पानांवर मजकुरासाठी फिकट जागा चित्रातच राखून ठेवायला सांगा. नंतर पांढरा चौकोन चिकटवणं फार वाईट दिसतं.

टाइप २२ ते २४ पॉइंट, दोन ओळींतलं अंतर दीडपट. देवनागरीत वर मात्रा आणि खाली उकार असल्याने इंग्रजी पुस्तकाचं अंतर उचललं तर ओळी एकमेकींत अडकतात. बलू किंवा मुक्ता हे मोफत युनिकोड फाँट मुलांच्या पुस्तकाला शोभतात. ल आणि श मराठी वळणाचे हवेत. काही फाँटांत ती रूपं असतात, पण मजकुराची भाषा "मराठी" निवडल्याशिवाय लागू होत नाहीत. निवडून बघा, तरी येत नसतील तर फाँट बदला. मूल शाळेत एक ल शिकतं आणि पुस्तकात दुसरा बघतं हे या वयात नको.

इनडिझाइन या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरमधे जुळवणी होत असेल तर परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर (देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारी सोय) लावलेला आहे का ते बघा, नाहीतर पहिली वेलांटी भलत्याच अक्षरावर जाते. छापायच्या पीडीएफमधे "ऱ्या" मुद्दाम शोधून तपासा: "दुसऱ्या", "भोवऱ्या". तुमच्या पुस्तकात "भोवऱ्या" दर दोन पानांना येणार आहे, आणि तिथे रफार चढून "भोवर्या" झालं तर सगळं पुस्तक चुकीचं छापलं जाईल. ओळी हाताने तोडा, अर्थाच्या जागी. "धरायला दोन / हात लागत" असं तुटलं की वाचणारा चुकीच्या जागी थांबतो.

रानजाई

पुस्तकासोबत खरा छोटा लाकडी भोवरा द्यावा असा विचार आहे. सावंतवाडीच्या कारागिरांकडून करून घेता येईल. कोणाला यातले नियम माहीत आहेत?

छापखाना

दोन अडचणी आहेत. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएस ९८७३ या मानकाप्रमाणे बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) प्रमाणन सक्तीचं आहे. विकास आयुक्त (हस्तकला) यांच्याकडे नोंदणी असलेल्या कारागिरांच्या वस्तूंना त्यातून सूट आहे, म्हणून कारागिराची नोंदणी आधी बघा. दुसरी जीएसटीची: छापील पुस्तक आणि मुलांचं चित्रपुस्तक करमुक्त, खेळणं करपात्र. दोन्ही एका पाकिटात एकाच किमतीला विकलंत की ते मिश्र पुरवठा ठरतं आणि पूर्ण किमतीवर जास्तीचा, म्हणजे खेळण्याचा दर लागतो. द्यायचाच तर वेगळी किंमत लावून वेगळा विका.

बालवाडी_ताई

शिवाय लोखंडी आरीचा भोवरा चार वर्षांच्या हातात नको. पान ३२ वर चकतीची कृती छापा, मुलांना तेच जास्त आवडेल.

जुन्या वहीच्या पुठ्ठ्यातून ६ सेंटीमीटर व्यासाचं वर्तुळ. वाटीभोवती आखलं तर मध्य सापडत नाही, म्हणून कंपासने आखा किंवा आधी कागदी वर्तुळ कापून दोनदा दुमडा, घड्या छेदतात तो मध्य. अर्धं लाल, अर्धं पिवळं, रंग गडद आणि सपाट भरलेला. खडूने मधे पांढरे ठिपके राहिले तर केशरी फिकट दिसतो. मध्यात भोक मोठ्या माणसाने पाडायचं, त्यात गूल काढलेली आगकाडी घट्ट बसवायची. चकती काडीच्या खालच्या तिसऱ्या भागात हवी. वर ठेवली की लगेच कलंडते. भोक मध्यावर नसेल तर थरथरते. काडी सैल असेल तर काडी फिरते आणि चकती तिथेच राहते, मग गोंदाचा थेंब टाका.

शब्दवेल

छापायला देण्याआधी डमी वाचून बघाच. साधे ए-४ कागद दुमडून मधे पिन मारलेली, पेन्सिलीची चित्रं आणि हाताने लिहिलेला मजकूर असलेली डमी पुरते. चार-पाच मुलांचा गट, आणि वाचणारी व्यक्ती लेखक नसावी. लेखक आवाजाने उणिवा भरून काढतो. "आवडलं का?" विचारू नका, सगळी मुलं हो म्हणतात. कोणत्या पानावर नजर दुसरीकडे गेली, कुठे पान मागे उलटायला लावलं, "गूंऽऽऽ" कितव्या वेळी स्वतःहून म्हटलं, हे टिपा. मग शब्द न वाचता नुसती चित्रं दाखवून गोष्ट सांगायला सांगा. भोवरा का थांबला हे तिथे नाही आलं, तर त्या भागाची चित्रं पुन्हा काढावी लागतील.

रानजाई

नवी पानवाटणी: १ शीर्षक, २ श्रेयनामावली, ३ रिकामं अंगण. ४-७ भोवरा आणि तिसरा हात. ८-९ दोन सुटी चित्रं, पहिला फसलेला प्रयत्न आणि दुसरा. १०-११ केशरी. १२-१५ सावल्या उठतात. १६-१७ शब्दांशिवाय, सगळ्या सावल्या. १८-१९ भोवरा डुलतो, रंग सुटे होतात. २०-२१ ओढाओढ, जाळी तुटते. २२-२३ दोघं एकटी. २४-२५ पांढऱ्यावर दोन खिडक्या, डावीकडे जुई, उजवीकडे मनू. २६-२९ दोर वळणं, २८-२९ वर मनू आपलं टोक जुईच्या हातात देतो. ३०-३१ भोवरा फिरतोय. ३२ चकती.

कव्हर २५० जीएसएम, मॅट लॅमिनेशन चालेल का?

छापखाना

२५० ठीक. मॅटवर बोटांचे डाग दिसतात आणि गडद निळा फिका पडतो, बालवाडीत फिरणार असेल तर ग्लॉस घ्या, ओल्या फडक्याने पुसता येतं. घडीच्या जागी आधी क्रीज (दाबून पाडलेली खाच) मारायला सांगा आणि कागदाचा ग्रेन (तंतूंची दिशा) पाठीच्या दिशेत आहे ना ते विचारा. तुमच्या मापात तो २० इंचाच्या बाजूला समांतर हवा, आडवा आला तर घडीवर लॅमिनेशन तडकून पांढरी रेघ येते. कव्हर २० बाय ३० मधून चार निघतात, हजाराला २५० कागद.

आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) मोफत मिळतो, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडे ऑनलाइन अर्ज करायचा. कव्हर अंतिम होण्याआधी करा, म्हणजे बारकोडची जागा मागच्या चित्रात राखता येईल.

प्रूफ डिजिटलवर काढतील, त्यावर रंग नक्की करू नका. त्यावर शुद्धलेखन, पानांचा क्रम आणि घडी बघा. रंगासाठी मशीनवर पहिला फॉर्म लागतो तेव्हा उभं राहा आणि १०-११ व १६-१७ चा केशरी शेजारी ठेवून जुळवा. ती पानं आतल्या फॉर्ममधे आहेत. ३०-३१ बाहेरच्या फॉर्मला येतील, तेव्हा आधी मंजूर केलेला कागद सही करून सोबत न्या, म्हणजे ऑपरेटरला तोच केशरी धरता येईल.